कामावर नाव कोणाचे?

भिवंडीच्या यंत्रमागावरून उतरणाऱ्या कापडाला बाजारात ‘ग्रे’ म्हणतात. न धुतलेले, न रंगवलेले, मळकट पांढरे कापड. बहुतेक ठिकाणी सूत व्यापाऱ्याचे असते. मागमालक ‘पिक’च्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने मजुरी घेतो आणि माग चालवणारा कामगार मीटरच्या हिशेबाने. पुढे हे कापड प्रक्रियेसाठी दुसरीकडे जाते. त्यावर रंग चढतो, छपाई होते, घडी पडते आणि शेवटी कुणाच्या तरी नावाचे लेबल लागते. ज्या शहरात काही लाख माग चालतात, त्या शहराचे नाव त्या लेबलावर क्वचितच वाचायला मिळते.

आता याच शहरात मजुरीचा आणखी एक धंदा रुजला आहे. त्याला जागा लागते एका टेबलाएवढी आणि भांडवल एका कॉम्प्युटरचे. लग्नाच्या पत्रिका, दुकानाचे बोर्ड, शाळेच्या प्रवेशाचे पोस्टर, बिर्याणीच्या डब्यावरचे चित्र, ईदच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, निवडणुकीची पत्रके आणि हो, कापडाची लेबले सुद्धा, हे सगळे कुणीतरी बसून तयार करत असते. तो मुलगा किंवा ती मुलगी कुठल्या कंपनीत नोकरीला नसते. काम आले तर पैसे, नाही आले तर नाही. यालाच फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर म्हणतात. उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्या एकाच कागदावर नीट बसवणे हे भिवंडीच्या डिझायनरचे रोजचे काम आहे. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या स्टुडिओंनाही ते सहज जमेल असे नाही.

पण घरात पाहुणे आले आणि कुणी विचारले, “मुलगा काय करतो?” तर अम्मी म्हणते, “कॉम्प्युटरवर काहीतरी करतो.” या ‘काहीतरी’त सगळा प्रश्न आला. नोकरी करणाऱ्या मुलाच्या आयुष्यात टप्पे ठरलेले असतात. नेमणुकीचे पत्र येते, नोकरी कायम होते, बढती मिळते आणि शेवटी निरोपाचा हार मिळतो. प्रत्येक टप्प्यावर घरात पेढे वाटले जातात. फ्रीलान्सरला असे पत्र कुणी देत नाही. मग तो पुढे सरकतो आहे की एकाच जागी फिरतो आहे, हे त्याने आणि त्याच्या घरच्यांनी कशावरून ओळखायचे? त्याचे उत्तर जुन्या काळातल्या कारागिरांकडेही सापडते आणि आपल्या महाराष्ट्रातल्या कलाकारांकडेही.

सही करण्याची परवानगी

मुस्लिम जगात सुंदर अक्षर लिहिणाऱ्याला, म्हणजे खत्तातला, मोठा मान होता. उस्मानी तुर्कस्तानात त्याच्या शिक्षणाची एक ठरलेली रीत होती. शागीर्द उस्तादासमोर बसून वर्षानुवर्षे मश्क करायचा. एकेका अक्षराचे वळण, त्याची उंची, दोन अक्षरांमधले अंतर हे सगळे नुकत्याने, म्हणजे कलमाच्या एका ठिपक्याने मोजायचे. उस्ताद लाल शाईने चुका दाखवायचा. हात तयार झाला की शागीर्द जुन्या नामवंत खत्तातची एखादी रचना हुबेहूब लिहून दाखवायचा आणि उस्ताद त्याच कागदाच्या खाली ‘इजाजा’ लिहून द्यायचा. या इजाजाने त्याला कोणता हक्क मिळायचा? आपल्या लिखाणाखाली ‘कतबहू’, म्हणजे ‘हे याने लिहिले’, असे लिहून स्वतःचे नाव घालण्याचा.

म्हणजे त्या परंपरेत कारागीर घडल्याची खूण होती सही करण्याची परवानगी. पगार किंवा ट्रॉफी यांची गोष्ट त्यानंतरची. आणि सही म्हणजे नुसती मिरवण्याची बाब नव्हती. ज्याने नाव घातले, त्याने जबाबदारीही घेतली. काम वाकडे झाले तर कोणाला विचारायचे, ते त्या नावावरून कळत असे.

आपल्या देशातले याचे सर्वांत मोठे उदाहरण आग्र्याला आहे. शिराजहून आलेल्या अब्दुल हक नावाच्या खत्तातला बादशाह शाहजहानने ‘अमानत खान’ हा किताब दिला. ताजमहालाच्या दरवाजांभोवती संगमरवरात काळ्या दगडाने बसवलेल्या कुरआनच्या आयती त्याच्या हातच्या. उंचावर जाताना अक्षरे मोठी होत जातात, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ती सारखीच दिसतात. आजच्या भाषेत सांगायचे तर हा अव्वल दर्जाचा ग्राफिक डिझायनर होता. ताज उभारताना हजारो हात राबले, पण तिथल्या लेखात स्वतःचे नाव सोडून गेला तो हा अक्षर लिहिणारा.

चौरस फुटाच्या दरापासून

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, पंढरपूरचा. बालपण इंदूरला गेले. १९३० च्या दशकात ते मुंबईत आले तेव्हा हाताला काम होते सिनेमाचे बोर्ड रंगवण्याचे. शिडीवर चढून, भल्या मोठ्या कापडावर नट-नट्यांचे चेहरे रंगवायचे आणि चौरस फुटामागे काही आणे घ्यायचे. सिनेमा उतरला की बोर्डही उतरायचा. त्यावर नाव सिनेमाचे असायचे, नटाचे असायचे. रंगवणाऱ्याचे नसायचे.

१९४१ मध्ये त्यांचे लग्न झाले. संसार आला तशी ठरावीक कमाईची गरजही आली. मग फर्निचरची आणि लहान मुलांच्या लाकडी खेळण्यांची डिझाइने करून त्यांनी घर चालवले. उरलेल्या वेळात स्वतःची चित्रे सुरूच होती. १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या कामाकडे जाणकारांचे लक्ष गेले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते आले. सूझा, रझा, आरा, गाडे आणि बाकरे हे त्यांचे तिथले सोबती. १९५५ मध्ये ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या ‘जमीन’ या चित्राला पारितोषिक मिळाले. १९६७ मध्ये त्यांच्या छोट्या चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात ‘गोल्डन बेअर’ मिळाले. पद्मभूषण १९७३ मध्ये आणि पद्मविभूषण १९९१ मध्ये आले. पुढच्या काळात त्यांच्या काही कामांवरून वाद झाले. त्यावर प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते आणि तो या लेखाचा विषयही नाही. आपल्याला पाहायचा आहे तो त्यांच्या कामाचा प्रवास.

या प्रवासातले दोन मुद्दे आपल्या मुलांनी नीट पाहावेत. पहिला असा की मुंबईत आल्यापासून जाणकारांची पहिली दाद मिळेपर्यंत दहा-बारा वर्षे गेली आणि त्या वर्षांत त्यांनी बाजाराचे काम कमी लेखले नाही. बोर्ड रंगवताना मोठी रेघ एका दमात ओढण्याची सवय हाताला लागली आणि ती पुढच्या मोठ्या चित्रांत दिसत राहिली. दुसरा मुद्दा सहीचा. हुसेन कधी देवनागरीत, कधी उर्दूत, कधी इंग्रजीत सही करत. ज्या हाताची मजुरी एके काळी चौरस फुटावर ठरत होती, त्याच हाताच्या सहीवरून पुढे चित्राची किंमत ठरू लागली.

नाव माहीत नसलेले ओळखीचे हात

प्रत्येक डिझायनर हुसेन होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. रोजच्या वापरातल्या अक्षरांचे काम करून मान मिळवणारी माणसेही महाराष्ट्रात झाली.

कमल शेडगे हे नाव घ्या. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती त्यांनी अशा अक्षरांत लिहिल्या की नाटकाचे नाव वाचताच त्याचा स्वभाव कळावा. ऐतिहासिक नाटकाचे अक्षर वेगळे, विनोदी नाटकाचे वेगळे. लोक जाहिरात कापून ठेवत. हे काम त्यांनी वर्तमानपत्राच्या कला विभागातली नोकरी सांभाळून वाढवले. एक पाय नोकरीत आणि दुसरा स्वतःच्या कामात ठेवून सुरुवात करता येते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. २०२० मध्ये ते गेले.

दुसरे र. कृ. जोशी. जाहिरात क्षेत्रात नाव कमावल्यावर ते पवईच्या आयआयटीमधल्या डिझाइन विभागात शिकवू लागले. विंडोज २००० पासून कॉम्प्युटरमध्ये देवनागरीसाठी आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांनी केला. सरकारी कार्यालयातला अर्ज असो की शाळेचा दाखला, मंगलची अक्षरे करोडो लोकांच्या डोळ्यांखालून गेली आहेत. ती घडवणाऱ्याचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिसरे अच्युत पालव. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकून त्यांनी मोडी लिपीवर संशोधन केले. नोकरीच्या वाटेने न जाता सुलेखन हाच पेशा केला. पुढे सुलेखनाची शाळा काढली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या हाताची कला शिकवून दुसरे हात तयार करणे हाही मोठा टप्पा आहे. जुन्या उस्तादांची रीत याहून वेगळी नव्हती.

आणि एक उदाहरण तुमच्या खिशातले. नोटेवरचे रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये एका खुल्या स्पर्धेतून आले. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांमधून पाच जण निवडले गेले आणि शेवटी आयआयटी मुंबईच्या उदय कुमार यांचे चिन्ह मंत्रिमंडळाने मंजूर केले. बक्षीस होते अडीच लाख रुपये. चिन्ह देशाचे झाले, पण ते कोणी काढले याची नोंद कायम राहिली.

भिवंडीत टप्पे कसे ओळखायचे?

ही झाली मोठ्यांची गोष्ट. शांतीनगरच्या एका खोलीत बसून काम करणाऱ्या मुलाचे किंवा निजामपुऱ्यात घरूनच काम करणाऱ्या मुलीचे टप्पे इतके उंच नसतील, पण तेही तितकेच खरे असतात.

पहिला टप्पा म्हणजे अनोळखी ग्राहक. सुरुवातीची कामे मामूची, खालाची, मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वर्गणीच्या पावतीची असतात. ती करावीत, त्यातून हात बसतो. पण ज्या दिवशी ओळख नसलेला माणूस कुणाचे तरी काम पाहून फोन करतो, त्या दिवशी धंदा सुरू झाला असे समजावे.

दुसरा टप्पा म्हणजे बयाणा. काम सुरू करण्याआधी अर्धी रक्कम देणारा ग्राहक तुमच्या वेळेची किंमत मान्य करतो. “आधी दाखव, आवडले तर बघू” असे म्हणणारा ती मान्य करत नाही. शिंपी माप घेताना बयाणा घेतो आणि आपण निमूट देतो. डिझायनरने मागितला तर राग का यावा?

तिसरा टप्पा म्हणजे नावाने आलेली मागणी. छापखानेवाला ग्राहकाला सांगतो, “कोणाकडूनही करून घ्या.” मग एक दिवस ग्राहकच सांगतो, “त्याच्याकडूनच करून आणा.” या दोन वाक्यांमध्ये कधी कधी पाच वर्षांचे अंतर असते.

चौथा टप्पा नकाराचा आहे. पैसे चांगले असले तरी दुसऱ्याच्या लेबलाची नक्कल करायला सांगणारे काम, जुगाराची किंवा दारूची जाहिरात, कुणाची बदनामी करणारे पत्रक परत पाठवता येणे ही मोठी कमाई आहे. रोजी हलाल असावी असे आपण म्हणतो. त्यात वापरलेली साधनेही आली. चोरीचे सॉफ्टवेअर आणि परवाना नसलेले फॉन्ट वापरून केलेल्या कामावर अभिमानाने नाव कसे घालणार? चित्रांसाठी क्रिटा आणि गिम्प, रेखाकामासाठी इंकस्केप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस हे सगळे मोफत आणि रीतसर मिळते. अक्षरांसाठी देवनागरीत मुक्त आणि बालू, उर्दूसाठी नोटो नस्तालिक असे फॉन्ट खुल्या परवान्याने उपलब्ध आहेत. व्यावसायिक कामातही ते बेधडक वापरता येतात.

पाचवा टप्पा म्हणजे दुसऱ्याला काम देणे. हाती आलेली दहा कामे एकट्याने उरकण्याऐवजी त्यातली तीन एखाद्या नवशिक्याला शिकवून द्यावीत, त्याची मजुरी वेळेवर द्यावी आणि त्याचे नावही सांगावे. ज्याला स्वतःला नावाशिवाय राबावे लागले, त्याने तरी दुसऱ्याला तसे राबवू नये.

हे टप्पे लक्षात राहावेत म्हणून एक साधी वही ठेवावी. तारीख, काम, ग्राहक, ठरलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम त्यात लिहावी. प्रत्येक छापील कामाच्या दोन प्रती जपून ठेवाव्यात. पुढे प्रवेशासाठी, कर्जासाठी किंवा नव्या ग्राहकासाठी हाच तुमचा दाखला असतो.

हक्क कागदावर उतरवा

आता जरा कायद्याकडे. डिझायनरची सर्वांत मोठी तक्रार असते, “माझे काम दुसऱ्याने वापरले.” स्वतंत्र चित्र किंवा रेखाटन तयार झाले की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्यावर आपोआप हक्क निर्माण होतो. तो करणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास ती पुरावा म्हणून कामी येते. साध्या कलाकृतीची नोंदणी फी ५०० रुपये आहे. मालाच्या पॅकिंगवर किंवा लेबलावर वापरायची असेल तर ती २,००० रुपये.

हा हक्क कोणाचा, हे मात्र काळजीपूर्वक पाहावे. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. फोटो, पेंटिंग, व्यक्तिचित्र अशी काही कामे मोबदला देऊन करून घेतली तर हक्क करून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून आधीच लिहून ठरवावे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सही असलेला कागद लागतो. तोंडी ‘सगळे तुमचेच’ म्हटल्याने तो जात नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क विकल्यानंतरही, हे काम आपले आहे असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे करणाऱ्याकडेच राहतो.

कापडावरची नक्षी करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जी नक्षी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येते पण नोंदवलेली नाही, तिच्या परवानगीने यंत्रावर ५० हून अधिक प्रती निघाल्या की कॉपीराइटचे संरक्षण संपते. भिवंडीत ५० प्रती म्हणजे सकाळच्या चहाच्या आत होणारे काम. त्यामुळे नक्षी बाजारात सोडण्याआधी नोंदणीचा विचार करावा. डिझाइनची नोंदणी आधी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे आणखी पाच वर्षे वाढवता येते.

दुसरी तक्रार असते थकलेल्या पैशांची. यासाठी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नयेत. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत आणि करार नसेल तर १५ दिवसांत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास व्याजाची तरतूद आहे. ते घ्यावे की नाही हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न, पण मुद्दल वेळेवर मागण्याचा हक्क तर कुणी सोडायला सांगितलेले नाही. आता आयकराच्या नियमानुसार असे पैसे थकवणाऱ्या व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असेल तर समोरचाही सावध राहतो.

काही जण म्हणतात, “आपापसात कसला कागद? विश्वास नाही का?” त्यांनी सूरह अल-बकराची २८२ वी आयत आठवावी. कुरआनमधली ही सर्वांत मोठी आयत व्यवहाराच्या नोंदीबद्दल आहे. उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असे ती शिकवते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण तर आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. डोळे आणि मान दुखेपर्यंत स्क्रीनसमोर बसणाऱ्याचा घाम दिसत नाही, म्हणून तो घाम नव्हे असे कसे म्हणता येईल?

कागदावर फार काही लागत नाही. काम काय, किती वेळा बदल करून मिळेल, कधी द्यायचे, रक्कम किती, बयाणा किती, मूळ फाइल द्यायची की नाही आणि नाव कुठे छापायचे, एवढ्या सात ओळी पुरतात. निम्मी भांडणे या सात ओळींत मिटतात.

पुरस्कार घ्यावेत, पण पारखून

मान कुणाला नको असतो? कला संचालनालयाच्या महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात उपयोजित कलेचा विभाग असतो. मुंबईत कॅग ही डिझाइन आणि जाहिरात क्षेत्रातल्या लोकांची जुनी संस्था पुरस्कार देते. अशा ठिकाणी काम पाठवावे. निवड झाली नाही तरी आपले काम कुठे उभे आहे ते कळते.

मात्र, ‘तुमची निवड झाली आहे, ट्रॉफीसाठी एवढे हजार भरा’ असे संदेश सर्रास येतात. पैसे भरून मिळणारा मान हा विकत घेतलेला माल असतो. स्पर्धेत भाग घेताना नियम पूर्ण वाचावेत. काही स्पर्धांत हरलेल्या कामांचेही हक्क आयोजकांकडे जातील असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. एक बक्षीस देऊन पाचशे डिझाइने फुकट घेण्याचा तो मार्ग असू शकतो.

ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा चुकवू नयेत. दहावीनंतर कलेकडे वळणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो. बारावीनंतर जे. जे. मध्ये उपयोजित कलेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. पवईच्या आयआयटीत डिझाइनच्या पदवीसाठी ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा असते. भिवंडीहून कल्याण किंवा ठाणे गाठून पुढे लोकलने मुंबई हा रोजचा प्रवास सोपा नाही, पण शिक्षणासाठी तो करणारी मुले-मुली आपल्या शहरात आहेत.

घरच्यांच्या हातात काय आहे?

बाहेरचा मान उशिरा येतो. घरचा मान आजही देता येतो आणि त्याला खर्चही नाही.

मुलगा रात्री उशिरापर्यंत काम करत असेल तर त्याला ‘मोबाइलवर बसला आहे’ म्हणू नका, त्याच्या कामाची वेळ कोणती ते विचारून घ्या. मुलगी घरून काम करत असेल तर ‘घरीच तर असते’ म्हणून प्रत्येक पाहुण्याच्या चहासाठी तिला उठवू नका. ती घरी असली तरी कामावर असते. तिच्या कमाईचे खाते तिच्या नावाने उघडा. रिश्ता आला तर ‘कॉम्प्युटरवर काहीतरी करते’ असे सांगण्याऐवजी ‘ती डिझायनर आहे, हे बघा तिने केलेले काम’ असे सांगा. नातेवाइकांनीही एक पथ्य पाळावे. आपल्याच भाच्याकडून फुकट काम करून घेऊन ‘बरकत होईल’ असा आशीर्वाद देण्याऐवजी त्याला ठरलेले पैसे आणि आशीर्वाद दोन्ही द्यावेत.

लग्नाच्या पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचे नाव आणि फोन नंबर बारीक अक्षरांत असतो, ते तुम्ही पाहिले असेल. तुमच्या घरातली पुढची पत्रिका छापायला टाकाल तेव्हा प्रेसवाल्याला सांगा की त्या ओळीत आणखी एक नाव टाका, ज्याने ही पत्रिका मांडली त्याचे. अर्ध्या इंचाची जागा लागेल. ती पत्रिका तीनशे घरांत जाईल आणि त्यातल्या एखाद्या घरातून त्या मुलाला फोन येईल.